सीमेवरची आई : पांढुर्णा-सौंसर परिसर, डाऊन सिंड्रोम आणि मानसिक आधाराचा इतिहास

सातपुड्याच्या घाटाखाली, जाम आणि कन्हान नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेला पांढुर्णा-सौंसरचा प्रदेश मातीने आणि पिकांनी नागपूरच्या सपाटीचा, बोलीने वऱ्हाड-नागपूरचा आणि कारभाराने भोपाळचा आहे. नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती तोवर ही विसंगती जाणवण्याचे कारण नव्हते. परंतु १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला आणि त्याच्या दक्षिण टोकाचा हा कापूस-संत्र्यांचा मराठी मुलूख नागपूरपासून कागदावर तुटला. सोयरिकी मात्र काटोल, नरखेड, सावनेर, वरुड या बाजूंनाच होत राहिल्या. दुखणे वाढले की माणसाला 'मेडिकल'ला, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, नेण्याचा प्रघातही कायम राहिला. दाखला, पेन्शन आणि सरकारी मंजुरी यांसाठी तेवढे घाट चढून छिंदवाड्याला जाणे आले. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा या ओढाताणीचा निम्मा भाग सुटला. उरलेला निम्मा कसा आहे, हे ज्या घरांत जन्मभर सोबत लागणारे मूल वाढते त्या घरांत सर्वांत स्पष्ट दिसते, आणि त्या घरांतही तो प्रामुख्याने आईच्या वाट्याला येतो.

डाऊन सिंड्रोम ही आनुवंशिक घडणीतील एक अवस्था आहे. माणसाच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या, म्हणजे आनुवंशिक माहिती वाहणाऱ्या सूक्ष्म धाग्यांच्या, २३ जोड्या असतात. या अवस्थेत एकविसाव्या जोडीत एक धागा जास्त येतो आणि एकूण संख्या ४६ ऐवजी ४७ होते. सुमारे ८०० जन्मांमागे एका बाळात ती आढळते. स्नायूंची शिथिलता, डोळ्यांची विशिष्ट ठेवण, बौद्धिक वाढीचा मंद वेग ही तिची लक्षणे असून जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मजात हृदयदोषही असतो. इंग्लंडमधील अर्ल्सवुड येथील आश्रयगृहाचे वैद्यकीय अधीक्षक जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ मध्ये तिचे वर्णन केले आणि चेहऱ्याच्या ठेवणीवरून तिला मंगोल वंशाचे नाव चिकटवले, जे शंभर वर्षे टिकले. गुणसूत्राचे मूळ कारण पॅरिसमध्ये जेरोम लजन, मार्थ गोतिए आणि रेमों तुर्पँ यांच्या कामातून १९५९ मध्ये पुढे आले. मंगोलियाच्या प्रतिनिधींच्या आक्षेपानंतर जागतिक आरोग्य संघटनेने १९६५ मध्ये जुने नाव सोडून दिले. भारतातील डॉक्टरांच्या तोंडून मात्र 'मंगोल बेबी' हा शब्द त्यानंतरही कित्येक वर्षे गेला नाही.

या अवस्थेचा वैद्यकीय इतिहास आईच्या दृष्टीने वाचला, तर तो बराच काळ दोषारोपाचा इतिहास आहे. कारण ठाऊक नव्हते तोवर युरोपातील वैद्यक आईवडिलांचा क्षय, उपदंश, दारू किंवा आईचे 'थकलेले गर्भाशय' अशा निरनिराळ्या गोष्टींकडे बोट दाखवत होते. लायनेल पेनरोझ यांनी १९३३ मध्ये आकडेवारीने दाखवले की बापाचे वय किंवा कितवे अपत्य यापेक्षा आईच्या वयाशी या अवस्थेचा संबंध आहे. शोध खरा होता आणि आजही ग्राह्य आहे: पंचविशीतील स्त्रीच्या बाबतीत ही शक्यता साधारण १,२५० मध्ये एक, तर चाळिशीत सुमारे १०० मध्ये एक असते. परंतु बहुतेक बाळंतपणे तरुण वयातच होत असल्याने अशी बरीच मुले तरुण आयांनाच होतात, हे त्या शोधाचे दुसरे अंग लोकांपर्यंत पोहोचलेच नाही. 'वय झाल्यावर पोर काढले' एवढाच त्याचा अर्थ उरला. पेशीविभाजनाच्या वेळी जोडीतील धागे वेगळे न होणे ही सुमारे ९५ टक्के प्रकरणांत घडणारी बाब कोणाच्याही वागण्याने, खाण्याने वा पापाने घडत नाही, आणि हे एक वाक्य आईला वेळेवर, तिला कळेल अशा भाषेत सांगणे हाच तिच्या मानसिक आधाराचा पहिला भाग ठरतो.

जामकाठच्या गावांत दोषारोपाची भाषा निराळी होती, दिशा तीच. ग्रहणात गरोदर बाईने काही चिरले-कापले की बाळात व्यंग येते, अवसेला ओलांडू नये ते ओलांडले की बाधा होते, पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी जे लिहिते ते टळत नाही, या समजुती विदर्भभर होत्या आणि इथेही होत्या. त्यांतील सटवाईची समजूत इतरांहून वेगळी म्हणून पाहण्याजोगी आहे. ग्रहणाचा नियम मोडल्याचा ठपका थेट आईवर येतो. सटवाईचे लिखित मात्र आईच्या हाताबाहेरचे असते, आणि म्हणून ज्या घरात 'नशिबात होतं' म्हटले गेले त्या घरातील बाईला निदान आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले नाही. अंधश्रद्धा म्हणून दोन्ही एकाच गाठोड्यात बांधण्याची आधुनिक सवय हा फरक पुसून टाकते. सौंसरजवळील जामसावळीच्या हनुमान मंदिराचे स्थानही याच संदर्भात समजून घ्यावे लागते. पहुडलेल्या मूर्तीमुळे प्रसिद्ध असलेल्या या देवस्थानी मनाचे आजार आणि 'बाहेरची बाधा' यांनी ग्रासलेल्या माणसांना घेऊन कुटुंबे येतात, मुक्काम करतात. गुणसूत्राचा फरक तेथे दूर होत नाही, हे उघड आहे. पण आपल्यासारखीच दुखरी माणसे शेजारी बसलेली पाहणे आणि घराबाहेर चार दिवस राहणे यांतून येणाऱ्या बाईला काही सुटकेची जागा मिळते, याची दखल आरोग्यखात्याच्या कोणत्याही तक्त्यात येत नाही.

इंग्रजी राजवटीने अशा मुलांसाठी जे केले ते कायद्यापुरते होते. १८८१ ते १९३१ च्या जनगणनांत वेडे, मूकबधिर, अंध आणि कुष्ठरोगी यांची मोजदाद झाली. १९१२ च्या भारतीय वेडेपणा कायद्याच्या व्याख्येत जन्मजात बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती आणि मानसिक रुग्ण हे दोघेही एकाच शब्दात बसवले गेले. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ पासूनचे आहे, आणि या मुलखासाठी त्या विषयातली सरकारी संस्था म्हणजे तेवढेच. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बौद्धिक अक्षमता मनोविकारापासून वेगळी काढली, म्हणजे तोवरची पाऊणशे वर्षे पांढुर्ण्याच्या एखाद्या हसऱ्या, गोलसर चेहऱ्याच्या मुलाची कायदेशीर ओळख 'वेडा' अशीच होती. त्या काळात आईच्या मनाचा विचार सरकारने केला नाही यात नवल नाही, कारण मुलाचाच केला नव्हता.

मग तिला धरून ठेवणारे काय होते? उत्तर बायकांच्या जगात मिळते. पहिले बाळंतपण माहेरी, त्यानंतर सव्वा महिना शेक-शेगडी आणि आराम, सुईणीचे रोजचे येणे-जाणे, पहाटे जात्यावर ओव्यांतून सुखदुःख सांगणे, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत चालणाऱ्या भुलाबाईच्या गाण्यांतून सासरच्या जाचाला तोंड फोडणे, ही सगळी त्या जगाची साधने होती. ओवीचा विशेष असा की ती उपदेश मागत नाही. दळणारी बोलते आणि समोरची खुंटा धरून ऐकते. डाऊन सिंड्रोम असलेले बाळ स्नायूंच्या शिथिलतेमुळे छातीला नीट लागत नाही, दूध ओढताना दमते, मधेच झोपी जाते, आणि घरातले लोक 'हिलाच दूध नाही' असे म्हणू लागतात. अशा वेळी बाळाची हनुवटी बोटाने उचलून धरणारी, थोडे थोडे काढून वाटी-चमच्याने पाजायला शिकवणारी एखादी जाणती बाई बाळाचा जीव आणि आईची अब्रू दोन्ही राखत असे. तरी या जगाचे गोडवे गाऊन चालणार नाही. तेच अंगण, त्याच बायका, आणि त्यांच्याच तोंडी टोमणेही. बाळाचे वेगळेपण सहा महिन्यांनी, मान न धरल्यामुळे, लपेनासे झाले की बारशाला आलेल्यांपैकी किती जणी पुन्हा उंबरठा चढत, हा प्रश्न प्रत्येक घरात निराळ्या उत्तराचा होता. पिठाची गिरणी आली, बाळंतपणे दवाखान्यात गेली, घरे विभक्त झाली, तेव्हा या साधनांपैकी बहुतेक विरली आणि टोमणे तेवढे राहिले.

संस्थात्मक प्रयत्नांचा आरंभ नागपुरात झाला तो बाळंतिणीपासून. कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्या साथीने १९२१ मध्ये मातृसेवा संघाची स्थापना केली आणि प्रसूतिगृहांच्या रूपाने तो जुन्या मध्य प्रांतात पसरला. पुढे याच संस्थेने बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी नागपुरात 'नंदनवन' ही शाळाही चालवली. आईच्या सेवेसाठी उभी राहिलेली संस्था काही दशकांनी अशा मुलांच्या शाळेपर्यंत पोहोचते, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे, कारण अन्यत्र तो उलटा दिसतो. मुंबईतील जय वकील शाळा १९४४ मध्ये जय वकील आणि त्यांचे पती होर्मसजी यांनी डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या दीना या मुलीसाठी सुरू केली. चेन्नईत १९८४ मध्ये सुरेखा रामचंद्रन यांनी आपल्या मुलीच्या निमित्ताने डाऊन सिंड्रोमची पालकसंघटना उभारली. या दोन्ही ठिकाणी आईने स्वतःच्या घरातल्या प्रश्नातून संस्था काढली. त्यासाठी लागणारे शिक्षण, पैसा आणि ओळखीपाळखी मोठ्या शहरांत होत्या. दिल्लीहून चेन्नईला जाणाऱ्या गाड्या पांढुर्ण्याच्या फलाटावरून रोज जात असल्या, तरी त्या शहरांतले बळ या फलाटावर उतरण्यासारखे नव्हते.

आईच्या दुःखाचा स्वतंत्र विचार पाश्चात्त्य मानसशास्त्रातही उशिराच झाला. सायमन ओल्शान्स्की यांनी १९६२ मध्ये 'चिरशोक' ही कल्पना मांडली: अशा मुलाच्या आईवडिलांचे दुःख काही महिन्यांत संपत नाही, शाळाप्रवेश, वयात येणे, धाकट्या भावंडाचे लग्न अशा प्रत्येक टप्प्यावर ते पुन्हा वर येते, आणि हा मनोविकार नसून स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. त्यांचा रोख समुपदेशकांवर होता, जे आईने मुलाला 'स्वीकारले' की नाही याची सतत झडती घेत असत. १९७५ मध्ये ड्रोटार आणि सहकाऱ्यांनी धक्का, नकार, दुःख व राग, जुळवणूक आणि नवी घडी असा टप्प्यांचा आराखडा दिला, जो पाठ्यपुस्तकांत अधिक लोकप्रिय झाला. परंतु सौंसरच्या एखाद्या आईच्या वीस वर्षांच्या अनुभवाला ओल्शान्स्कींचे म्हणणेच जवळचे वाटते, कारण जुळवणुकीनंतरही मावसबहिणीच्या लेकीची हळद लागते त्या दिवशी डोळे भरून येतातच. यापेक्षाही उपयोगी ठरले ते क्लिफ कनिंगहॅम आणि सहकाऱ्यांचे मँचेस्टरमधील काम. निदान ऐकल्यावर पालकांना येणारी चीड अटळ असते की सांगण्याच्या रीतीतून येते, असा प्रश्न त्यांनी १९८४ च्या शोधनिबंधात घेतला आणि दोन्ही पालकांना एकत्र, लवकर, एकान्तात, बाळ जवळ असताना सांगितले व पुन्हा भेट ठरवून दिली, तर समाधान पुष्कळ वाढते असे दाखवले. एकत्र कुटुंबांच्या या भागातला रिवाज याच्या नेमका उलट आहे: बातमी आधी नवऱ्याला किंवा सासऱ्याला दिली जाते, 'तिला आत्ता सांगू नका, दूध आटेल' असे ठरते, आणि ती मात्र सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून काहीतरी ओळखून एकटीच घाबरत राहते.

एका आईचा आधार दुसरी तशीच आई, या तत्त्वावर अमेरिकेतील ओमाहा शहरात १९७१ मध्ये 'पायलट पेरेंट्स' हा उपक्रम सुरू झाला. त्यात प्रशिक्षण घेतलेला अनुभवी पालक नव्याने निदान झालेल्या कुटुंबाशी जोडून दिला जाई. भारतात या विचाराला संघटित रूप १९९५ मध्ये 'परिवार' या पालकसंघटनांच्या राष्ट्रीय महासंघाने दिले. दरम्यान सिकंदराबाद येथे १९८४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थेने घरच्या घरी प्रशिक्षणाची पुस्तिका-पद्धत रुजवली होती, जिने असंख्य मुलांना जेवायला, कपडे घालायला, शौचाला जायला शिकवले. तिचे श्रेय निर्विवाद आहे. पण तिच्यामुळे आईच्या दिवसात आणखी एक नोकरी भरली गेली, आणि तीही बिनपगारी. कालपर्यंत जी दोषी होती ती आता शिक्षिका झाली, आणि मूल मागे राहिले तर 'घरी व्यायाम घेत नाही' हा नवा ठपका तयार झाला. कापूस वेचणीच्या हंगामात दिवसभर शेतात असणाऱ्या बाईने संध्याकाळी मुलाच्या जिभेचे आणि हाताचे व्यायाम कधी घ्यावेत, याचे उत्तर पुस्तिकेत नव्हते.

सरकारी आरोग्यव्यवस्था या मुलांपर्यंत पद्धतशीरपणे आली ती फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमामुळे. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणाऱ्या या कार्यक्रमाच्या ३० आजारांच्या यादीत जन्मजात दोषांखाली डाऊन सिंड्रोमचा स्पष्ट उल्लेख आहे आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचाउपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक एकत्र असलेल्या जागेची, योजना आहे. त्याखालच्या पातळीवर आशा कार्यकर्ती नवजात बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते. तिच्या तिसऱ्या आणि सातव्या दिवसाच्या भेटींच्या दरम्यानच पाचवीची रात्र येते, म्हणजे आरोग्यखाते आणि सटवाई एकाच आठवड्यात, एकाच खोलीत येऊन जातात. आशाच्या अर्जात बाळाचे वजन व तापमान, आईचा ताप, दूध पुरते की नाही, आई असंबद्ध बोलते का, झटके येतात का, असे प्रश्न असतात. भिंतीकडे तोंड करून गप्प पडून राहणाऱ्या आईसाठी त्यांत जागा सापडत नाही. भारतातील अभ्यासांच्या २०१७ मधील एकत्रित विश्लेषणानुसार बाळंतपणानंतरच्या नैराश्याचे प्रमाण सर्व मातांत सुमारे २२ टक्के आहे, हे पाहता ही उणीव केवळ विशेष मुलांच्या आयांपुरती राहत नाही. पांढुर्ण्याचे नाव बाहेरच्या जगात गाजते ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सावरगावबरोबर होणाऱ्या गोटमारीच्या दगडफेकीमुळे, आणि त्या एका दिवसासाठी नदीकाठी डॉक्टरांची पथके आणि रुग्णवाहिका सज्ज असतात. वर्षभर घरात बसून होणाऱ्या जखमांची तेवढी तयारी नाही.

सीमेचा प्रश्न इथे पुन्हा येतो. गुणसूत्रांच्या तपासणीसाठी बाळाचे रक्त नागपूरला घेतले जाते, काही आठवड्यांनी हाती येणाऱ्या अहवालावर '४७' हा आकडा आणि त्यापुढे '+२१' अशी खूण असते, आणि तो कागद उलगडून मराठीत समजावणारे डॉक्टर, समुपदेशक व पालकगट नागपुरातच असतात. परंतु महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार योजनेसारखा लाभ तिथल्या रहिवाशांसाठीच आहे. या आईने मध्य प्रदेशचे अपंगत्व प्रमाणपत्र हिंदी अर्ज भरून, मध्य प्रदेशच्या वैद्यकीय मंडळापुढे मुलाला उभे करूनच मिळवायचे. एकीकडे तिचे दुःख सांगण्याची भाषा, दुसरीकडे तिचा हक्क मागण्याची भाषा, आणि दोन्हींच्या मध्ये एसटी, रेल्वे, बुडालेली मजुरी. सौंसरवरून जाणारी छिंदवाडा-नागपूर छोटी रेल्वे १९१३ पासून या दोन दिशांना जोडत होती. रुंदीकरणासाठी २०१५ मध्ये ती बंद झाली, आणि काही वर्षे तो दुवाही तुटला होता.

याच काळात मराठी समाजापुढे या आईची एक प्रतिमा चित्रपटातून आली. महेश लिमये यांचा 'यलो' २०१४ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात डाऊन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिने स्वतःचीच भूमिका केली आणि आईची भूमिका मृणाल कुलकर्णी यांनी केली. अनेक गावांत अशा मुलाकडे पाहण्याची नजर या चित्रपटाने बदलली असणार. तरी लढणाऱ्या, कधी न थकणाऱ्या आईची प्रतिमा दुधारी असते: पोहण्याचा तलाव, प्रशिक्षक आणि साथ देणारे नातलग जिच्याजवळ नाहीत, तिला त्या प्रतिमेसमोर आपणच कमी पडतो असे वाटू शकते.

वैद्यकाच्या यशानेच आईच्या चिंतेचा शेवटचा थर तयार केला आहे. पाश्चात्त्य देशांतील नोंदींनुसार १९२९ मध्ये या मुलांचे सरासरी आयुर्मान ९ वर्षे, १९८३ मध्ये सुमारे २५ वर्षे होते. हृदयशस्त्रक्रिया आणि प्रतिजैविके यांमुळे आज ते ६० च्या आसपास पोहोचले आहे. जुन्या काळच्या आईने मूल गमावण्याचे भय सोसले. आजच्या आईपुढे 'माझ्यामागं याचं कोण' हा प्रश्न असतो, आणि इतक्या मोठ्या प्रमाणावर तो याआधीच्या पिढ्यांना पडण्याची वेळच आली नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अठरा वर्षांवरील अशा व्यक्तीसाठी पालक नेमण्याची तरतूद केली असून तो अधिकार जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या स्थानिक स्तर समितीकडे आहे. जिल्हा वेगळा झाल्यामुळे हा अर्ज आता पांढुर्ण्यातच निकाली निघण्याची वाट खुली आहे. त्यासाठी मुलाच्या वयाचा दाखला, अपंगत्व प्रमाणपत्र आणि पालक होण्यास तयार असलेल्या नातलगाची संमती लागते, आणि यांतली शेवटची गोष्ट मिळवताना आईला भावंडांशी, दिरा-जावांशी जे बोलावे लागते ते बोलण्याआधी तिच्याजवळ बसणारी, हेच बोलणे स्वतःच्या घरी आधी करून आलेली दुसरी आई असली तर काम सोपे होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या दिव्यांग बालकांसाठीच्या अंगणवाडी नियमावलीनुसार अशा मुलांची ओळख अंगणवाडीतच पटायची आहे, म्हणजे एका तहसिलीत कोणकोणत्या गावांत अशा आया आहेत ते अंगणवाडीच्या नोंदवहीतून कळू शकते. त्यांना महिन्यातून एकदा, गावच्या आरोग्य व पोषण दिवशी, मराठीत बोलता येईल अशा खोलीत एकत्र बसवण्यासाठी नव्या इमारतीची गरज नाही. ती खोली, तो दिवस आणि त्या दिवशी येणारी आशा या तिन्ही गोष्टी पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तहसिलींत आधीपासूनच आहेत.